धार-देवासचे मराठे : आलेले की परतलेले?

१७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजेने अमझेऱ्याच्या लढाईत मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर याला ठार केले आणि माळवा मराठ्यांना मोकळा झाला. पुढे धार उदाजी व आनंदराव पवारांच्या घराण्याकडे गेली. देवास तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांत वाटले गेले. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावातून चालत. ही व्यवस्था १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत टिकली.

पवार नगर भागातले, पण आपण माळव्याच्या परमारांचेच वंशज, असे ते सांगत. म्हणजे ते मुलूख जिंकायला आले नव्हते, परमार भोजराजाच्या धारेत परतले होते! हा दावा परंपरेचा, पण उपयोग मोठा. परमारांच्या खुणाही पुढे सापडल्या : विसाव्या शतकाच्या आरंभी धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी तिथल्या कमाल मौला मशिदीतील परमारकालीन शिलालेख उजेडात आणले. देवासच्या टेकडीवर मात्र दख्खनची तुळजाभवानी आणि चामुंडा शेजारी नांदतात. गाव त्यांना ‘बडी माता’ आणि ‘छोटी माता’ म्हणते. उलटा प्रवासही झाला. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले.

राज्य गेले त्याच वर्षी, १९४८ मध्ये, गायक कुमार गंधर्व क्षयाच्या आजाराने कोरड्या हवेसाठी देवासला आले. सुळेभावीत जन्मलेले, घरी कानडी, गाणे शिकले मुंबईत देवधर मास्तरांकडे. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळवी बायकांची लग्नातली, ऋतूंची गाणी ऐकली. त्या गाण्यांच्या धुनांतून मालवती, लगनगंधार, संजारी असे राग बांधले. १९६५ च्या ‘अनुपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी एकत्र आल्या. वंशावळीचा कसलाही आधार न घेता माळव्याचे होण्याचा हा सच्चा दाखला आहे.

या साऱ्या कथनात भिल्ल आणि भिलाला हे आदिवासी मात्र कडेलाच राहिले. ‘इथले मूळचे कोण’ हा वाद पवार आणि परमार यांच्या नावांभोवतीच फिरला. जंगल-डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना त्यात कुणी विचारले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार धार जिल्ह्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के, अनुसूचित जमातींचे आहेत.