पंगत वाढणारे कुठल्या रकान्यात?

नवरात्र ते कोजागरी या दिवसांत तुळजापूरच्या वाटा पायी निघालेल्या भाविकांनी भरतात. उमरग्याकडून येणाऱ्यांच्या वाटेवर जळकोट आणि नळदुर्ग लागतात. अशा वाटांवर कोणी चहा करतं, कोणी फराळाची पंगत वाढतं. नोंदवही कुणाकडेच नसते.

मग ‘देशात जेमतेम २.४ टक्के लोक समाजासाठी राबतात’ असं कुणी ठासून सांगितलं, तर ते खरं मानायचं का?

आकडा खोटा नाही. तो राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातला आहे. पण तो वर्षाचा नाही, एका दिवसाचा आहे. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार एवढ्या वेळात सहा वर्षांवरील माणसांनी काय केलं, हे त्यात विचारलं होतं. ऑक्टोबरात पंगत वाढणाऱ्याला जूनमध्ये गाठलं, तर त्याच्या नावापुढे शून्यच पडणार. शिवाय त्या २.४ टक्क्यांत बिनपगारी उमेदवारी करणारेही आहेत!

दुसरा समज असा, की संस्थेचा बिल्ला असेल तरच ती स्वयंसेवा. राष्ट्रीय सेवा योजनेतला विद्यार्थी वर्षाला १२० तास देतो. ते कॉलेजात नोंदले जातात, म्हणून दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालाचा जागतिक अंदाज वेगळंच सांगतो: महिन्याभरात संस्थेमार्फत राबणारे ६.५ टक्के, तर कुठल्याही संस्थेविना थेट मदत करणारे १४.३ टक्के.

स्वयंसेवेच्या व्याख्येचाही घोळ आहेच. श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१३ मध्ये ठरवलं, की काम विनामोबदला, सक्तीविना आणि दुसऱ्यासाठी हवं. राबणाऱ्याला जेवू घातलं तरी चालतं. मात्र वेगळ्या घरात राहणाऱ्या नातलगाला केलेली मदत धरायची नाही. निम्मी आळी भावकीची असलेल्या गावात लग्नघरी रात्रभर पुऱ्या तळणाऱ्या बाया या नियमाने यादीबाहेर! उलट आशा सेविकांना सरकारदरबारी मानद स्वयंसेविका म्हणतात. कामागणिक पैसे घेऊन, ठरवून दिलेलं काम करणाऱ्या बाईला स्वयंसेवेच्या खात्यात टाकणं म्हणजे तिच्या मजुरीचा प्रश्न झाकणं.

सुधारणा अवघड नाही. एका दिवसाऐवजी गेल्या चार आठवड्यांचं विचारावं. ‘स्वयंसेवा केली का?’ यावर माणसं नाहीच म्हणतात. ‘पंगत वाढली का, शाळेची भिंत रंगवली का?’ असं नाव घेऊन विचारलं की आठवतं.

वेळ-वापराच्या १९९८-९९ च्या पहिल्या चाचणी सर्वेक्षणातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. २०१९ आणि २०२४ च्या देशव्यापी फेऱ्यांत आला. तरी जळकोटचा आकडा त्यातून निघणार नाही, कारण नमुना देश आणि राज्यांच्या अंदाजांसाठी निवडलेला असतो. गावाचा हवा असेल, तर ग्रामपंचायतीलाच घरोघर फिरावं लागेल.