हेवी लायसनची फी : घरातून पैसे काढण्याआधी

संसारात पैसा कुठे कुठे काढावा लागतो हे आपल्याला तोंडपाठ असतं. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, श्रावणात सणवार, मार्चला घरपट्टी. शिवाय पाहुणेरावळे आणि दुखणीखुपणी आहेतच. पण आमच्यासारख्या मागाच्या गावात एक निराळाच खर्च हल्ली घरोघरी दार वाजवतो. तो म्हणजे ट्रक चालवायला शिकण्याची फी. मुलगा बारावी होऊन घरी बसलेला असतो, धाकट्या दिराचा कारखाना बंद पडलेला असतो, नाहीतर ह्यांच्याच मागावरचं काम कमी झालेलं असतं. अशा वेळी कोणीतरी ओट्यावर बसून सांगतं, "हेवी लायसन काढून टाका. गाडीवर काम कधीही मिळतं." सांगणारा चहा पिऊन निघून जातो. पैसे मात्र आपल्या डाळीच्या डब्यातून, भिशीतून, नाहीतर हातातल्या पाटल्यांतून निघायचे असतात.

म्हणूनच, मैत्रिणींनो, हा विषय पुरुषांचा म्हणून सोडून देऊ नये असं मला वाटतं. आपण साडी घेतानाही पदर उलगडून, काठ उन्हात धरून बघतो. मग दहा-पंधरा हजार मोजताना "कशाचे?" हे विचारायला संकोच कसला? आणि ह्या फीच्या बाबतीत त्या प्रश्नाचं उत्तर एकच असायला हवं : गाडीवर हात बसण्याचे. लायसनचा कागद त्याच्या मागून येतोच. पण नुसता कागद आला आणि हात बसला नाही, तर पैसे गेले आणि जिवाला घोर लागला असं होतं.

आधी वय बघा, मग डोळे

पहिली गोष्ट, मुलाचं वय. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याप्रमाणे साधी चारचाकी १८ पूर्ण झाल्यावर चालवता येते, पण भाड्याची किंवा मालाची गाडी चालवायला २० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. शिवाय हेवीचं शिकाऊ लायसन काढण्याआधी हलक्या गाडीचं लायसन निदान एक वर्ष जुनं असावं लागतं. तेव्हा १८ वर्षांच्या मुलाची हेवीची फी कोणी "आत्ताच भरून ठेवा, पुढे वाढेल" म्हणून मागत असेल, तर सरळ नाही म्हणावं.

शिक्षणाची अट पूर्वी आठवी पासची होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या मुलालाही ही वाट मोकळी आहे. पण रस्त्यावरच्या पाट्या, बिल्टी, चलन वाचता यायलाच हवं. घरातल्या शिकलेल्या वहिनीने संध्याकाळी अर्धा तास वाचून घेतलं तर ते फुकटचं प्रशिक्षण समजावं.

दुसरी गोष्ट, डोळे. ह्या लायसनसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. बहुतेक घरांत आधी फी भरतात आणि मग डॉक्टरांकडे जातात. क्रम उलटा करा. रात्री दिसायला त्रास होतो का, रंग ओळखता येतात का, फिटचा आजार आहे का, हे फीच्या आधी कळलं तर पैसे हातात राहतात.

सरकारची फी किती, शाळेची किती

"सगळं मिळून अमुक हजार" असं कोणी म्हणालं की तिथेच थांबावं. "सगळं" म्हणजे काय ते सुटंसुटं लिहून मागावं. सरकारी फी फार मोठी नसते. २०१६ च्या अखेरीस जे दर ठरले त्याप्रमाणे शिकाऊ लायसनचे १५० रुपये, त्याच्या परीक्षेचे ५०, गाडी चालवण्याच्या परीक्षेचे ३०० आणि असलेल्या लायसनवर नवा प्रकार चढवण्याचे ५०० होतात. ही बेरीज १,००० झाली. कार्डाचे २०० धरले तरी हिशेब बाराशेच्या आसपास राहतो. ह्या पैशांची पावती मिळते. तेव्हा "आरटीओचेच सहा हजार लागतात" असं सांगणाऱ्याला पावती दाखवा म्हणावं. पावतीचं नाव काढलं की आकडा पुष्कळदा खाली येतो.

बाकीची रक्कम शाळेची, म्हणजे शिकवण्याची. ती गावागणिक निराळी असते आणि त्यात काही वावगं नाही. ट्रकला डिझेल लागतं, शिकवणाऱ्याला पगार लागतो. प्रश्न एवढाच, की त्या पैशांत मुलाला स्टिअरिंग किती तास मिळणार?

तास मोजून घ्या

दुधाचं माप आपण रोज डोळ्यांनी बघतो. तसंच हे माप आहे. नियमाप्रमाणे जड वाहनाचं शिक्षण निदान ३० दिवसांचं असावं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे निदान १५ तास असावेत. समजा फी १२,००० रुपये आहे. पंधरा तास खरोखर मिळाले तर तासाला ८०० पडले. पण एका गाडीत चार मुलं बसवली आणि प्रत्येकाला रोज पंधराच मिनिटं दिली, तर महिन्याचे साडेसात तास होतात. फी तीच, आणि तास पडला १,६०० ला! वरून लायसन काढून देतो हे गोड बोलणं आहेच.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या घरी अगदी हेच झालं. मोठ्या मुलासाठी त्यांनी सगळी रक्कम पहिल्याच दिवशी भरली. मुलगा रोज जायचा आणि केबिनमध्ये मागे बसून यायचा. महिनाअखेर हाताशी जेमतेम पाच तास. लायसन वेळेवर आलं, पेढेही वाटले. पण गाडीमालकाने अड्ड्यावर नुसती गाडी मागे घ्यायला सांगितली, तर पोराला घाम फुटला. शेवटी तो आठ महिने क्लीनर म्हणून फिरला आणि तिथे एका जुन्या ड्रायव्हरकाकांनी त्याला खरं शिकवलं. वहिनी म्हणतात, "फी एकाने घेतली, शिकवलं दुसऱ्याने."

असं होऊ नये म्हणून शाळेत एकदा स्वतः जाऊन यावं. शाळेला आरटीओचं लायसन लागतं आणि ते दर्शनी भागात लावावं लागतं, ते बघावं. शिकवायचा ट्रक शाळेचा स्वतःचा आहे का आणि त्याला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आहे का, हे बघावं. आणि एक गोष्ट मुद्दाम विचारावी : फॉर्म १५. कोणत्या मुलाने कोणत्या दिवशी किती वेळ गाडी चालवली त्याचं हे रजिस्टर शाळेने ठेवायचं असतं आणि त्यावर शिकणाऱ्याची सही असते. आपल्या मुलाला बजावून ठेवावं, न चालवलेल्या तासावर सही करायची नाही. घरच्या कॅलेंडरवरही रोज रात्री मिनिटं लिहून ठेवावीत. दुधाच्या खाड्यासारखा हा हिशेब उपयोगी पडतो.

फी एकरकमी देऊ नये. एक तृतीयांश सुरुवातीला, एक तृतीयांश निम्मे तास झाल्यावर, आणि उरलेली शाळेचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर. हे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म ५; मालाच्या गाडीच्या लायसनसाठी ते लागतंच. शाळावाला नाराज झाला तर होऊ द्यावा. चांगला शिकवणारा हप्त्याला नाही म्हणत नाही.

२०२१ पासून सरकारमान्य मोठी प्रशिक्षण केंद्रंही निघाली आहेत. तिथे जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असतो, वर्गातले धडे धरून, आणि तो सहा आठवड्यांच्या आत पुरा होतो. तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. पुण्याजवळ भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही जुनी संस्था आहे. तिथेही ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणाची सोय आहे. परगावी राहण्याजेवणाचा खर्च वाढतो हे खरं, पण तासाचा भाव काढून मगच कुठलं स्वस्त ते ठरवावं.

पैसे आणायचे कुठून?

फीच्या आकड्यात आणखी दोन आकडे मिळवा. एक, शिकण्याच्या महिन्यात घरात न येणारी मजुरी. दुसरा, लायसन आल्यावरचे तीन-चार महिने. नव्या मुलाच्या हातात दुसऱ्या दिवशी कोणी भरलेली गाडी देत नाही. आधी क्लीनर, नाहीतर जोड-ड्रायव्हर म्हणून कमी पैशांत फिरावं लागतं. हा खर्च धरला नाही, म्हणजे किराणा उधारीवर जातो.

दागिना मोडण्याची घाई करू नये. मोडलेला परत होत नाही. घडणावळ जाते ती वेगळीच. अगदीच लागलं तर बँकेत तारण ठेवावा आणि हप्ता कोण कधी भरणार हे त्याच दिवशी घरात ठरवावं. बचत गटाचं कर्ज सोपं वाटतं, पण शेकडा दोन महिना म्हणजे वर्षाला चोवीस टक्के हे विसरू नये. दहा हजारांवर महिना २०० रुपये नुसतं व्याज. वर्षात फिटत असेल तरच घ्यावं. सावकाराच्या दारात तर जाऊच नये.

बँकेत कौशल्य कर्ज म्हणून एक सोय आहे. २०१५ साली ती ५,००० पासून दीड लाखापर्यंत होती, २०२४ मध्ये मर्यादा साडेसात लाखांवर नेली. तारण लागत नाही, पण अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो. म्हणून शाळेत आधी विचारावं, "तुमच्या कोर्सला बँक कर्ज देते का?" जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण खात्यातही चौकशी करावी. चौकशीला पैसे पडत नाहीत.

आणि एक वाट अशी, की जिच्यात घरातून फारसे पैसे काढावेच लागत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला, की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालाची गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती आणि त्याहून थोडे मोठे टेम्पो त्यात आले. मुलगा विसाचा झाला असेल, तर वर्षभर गावातल्या गावात टेम्पो चालवू द्यावा. बाजारपेठेतली गर्दी, माल चढवणं-उतरवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं हे सगळं अंगवळणी पडतं. त्याच्याच कमाईतून महिना हजार बाजूला टाकले की वर्षात हेवीची फी जमते. स्वतःच्या घामाची फी भरणारा मुलगा तासाला मिनिटभरही कमी घेत नाही, बरं का!

मालकाने फी भरली तर

कित्येक गाडीमालक म्हणतात, "फी मी भरतो, पोरगा माझ्याकडे पाठवा." ही एक प्रकारची उचलच. वाईट म्हणणार नाही मी, पण कागद करून घ्यावा. फी किती भरली, पगारातून महिन्याला किती कापणार, किती महिन्यांनी फिटलं असं समजायचं, आणि मधेच काम सुटलं तर काय, ह्या चार ओळी दोघांच्या सहीने असाव्यात. मूळ लायसन मात्र मालकाच्या कपाटात ठेवू देऊ नये. ते मुलाचं आहे, त्याच्याच खिशात राहावं. कापलेल्या प्रत्येक रकमेची नोंद आपल्या वहीत करावी. तोंडी हिशेबात गरिबाचीच बाजू पडती असते.

काम सुरू झाल्यावरही थोडा खर्च राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे लायसन पाच वर्षांचं असतं, मग नवं करून घ्यावं लागतं. पेट्रोल-गॅसच्या टँकरवर जायचं असेल तर वेगळं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. कोणी टँकरच्या जास्त पगाराची लालूच दाखवली तर ही नोंद आधी विचारावी. नोंदीवाचून गाडीवर बसला आणि काही झालं, तर निस्तरायला घरच्यांनाच धावावं लागतं.

आता एक प्रश्न आपल्यातलीच कोणी विचारील : ही फी मुलीसाठी भरावी का? का भरू नये? नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी ह्यांनी वकिलीचं शिक्षण घेतलेलं होतं. पतीच्या निधनानंतर त्यांनी ट्रकचं स्टिअरिंग हाती घेतलं आणि मुलांना वाढवलं. आपल्या एस.टी.वरही २०२३ मध्ये महिला चालक दिसू लागल्या. कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. मुलीचे तास मोजताना तर आणखी काटेकोर राहावं, कारण तिची परीक्षा घ्यायला रस्त्यावरचे सगळेच टपलेले असतात.

ट्रक चालवणं हे जोखमीचं काम आहे. दहा-बारा टन माल घेऊन घाट उतरणाऱ्याच्या हातात त्याचाच जीव नसतो, समोरून येणाऱ्यांचाही असतो. आपण रात्री जाग्या राहून वाट बघणार ती त्याचीच. पंधरा तासांतला एखादा तास जरी आपल्या चौकशीने जास्त मिळाला, तर तो घाटातल्या एका वळणावर उपयोगी पडेल. तेव्हा पुढच्या वेळी फीची गोष्ट निघाली, की पैशाच्या डब्याला हात लावण्याआधी घरात एकच विचारावं, "तास किती, आणि पावती कोणाची?"