रातांधळेपणा : एक आनुवंशिक कारण

कर्जत व खालापूर तालुक्यांतील डोंगरउतारावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत एखादे मूल तिन्हीसांजेला अडखळू लागले, तर प्रथम शंका 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाची येते, आणि ती योग्यच आहे. अंगणवाडीत पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी त्याची मात्रा दिली जाते ती यासाठीच. परंतु मात्रेनंतरही अडखळणे थांबले नाही, तर दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार संभवतो. त्यात अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या पेशी आधी झिजतात व नजरेचा घेर आकसत जातो. पुढे दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आल्यास वाचनही अवघड होते. आईवडिलांची दृष्टी निर्दोष असूनही हा विकार मुलांत उतरू शकतो. आते-मामे भावंडांच्या विवाहात ही शक्यता वाढते.

गेलेली दृष्टी परत आणणारा उपाय बहुतेकांसाठी अद्याप नाही. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकोपचार एकाच जनुकाच्या दोषापुरता आहे. सूज व मोतीबिंदू यांवर मात्र उपचार होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते ते दिवसा, आणि भर उजेडात तक्त्यावरची अक्षरे हे मूल बिनचूक वाचून दाखवू शकते. त्याचे सायंकाळचे अडखळणे शिक्षकांनी वा पालकांनी पथकाला सांगितले, तरच बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासण्यासाठी ते नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले जाईल.