शिकागो : तीन दिवसांच्या मुक्कामाची तजवीज

ऋतू : मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ प्रशस्त, हिवाळ्यात मिशिगन सरोवरावरून येणारे बोचरे वारे पायी हिंडण्याचा बेत पार उधळून लावतात.

ये-जा : ओ'हेअर विमानतळापासून नगरमध्यापर्यंत 'ब्लू लाइन' ही आगगाडी अहोरात्र धावत असताना, आणि नगरमध्यास वेढणारा 'लूप' हा उन्नत लोहमार्ग १८९७ पासून सेवेस असताना, मोटार भाड्याने घेण्याचे प्रयोजन उरत नाही.

पहिला दिवस : १८७१ च्या अग्निप्रलयानंतर नव्याने उभ्या राहिलेल्या या नगरीचे स्थापत्य नौकेतूनच उत्तम उमगते, सुमारे दीड तासाच्या या फेरीत आपण ज्या नदीवरून जातो, तिचा प्रवाहच, सांडपाणी सरोवरातील पेयजलात मिसळू नये म्हणून, १९०० मध्ये उलट दिशेस वळवण्यात आला.

दुसरा दिवस : आर्ट इन्स्टिट्यूटच्या दाराशी कांस्याचे दोन सिंह उभे आहेत, परंतु भारतीय अभ्यागताने क्षणभर थांबावे ते यासाठी, की याच इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्मपरिषदेस संबोधित केले. आठवड्यातील बंदचे वार आगाऊ पाहून ठेवावेत.

तिसरा दिवस : मूळच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीतील कल्चरल सेंटरमध्ये टिफनीच्या रंगीत काचांचा भव्य घुमट विनाशुल्क पाहता येतो. त्यानंतर ११० मजली विलिस टॉवरवर जावे. ढाक्याचे सुपुत्र फझलुर रहमान खान यांच्या संरचनाबुद्धीने साकारलेली ही वास्तू दोन दशकांहून अधिक काळ जगातील सर्वांत उंच इमारत होती.

खर्च : मोठ्या संग्रहालयांची व मनोऱ्याची तिकिटे महाग असल्याने, रोज एकच सशुल्क स्थळ ठरवून उरलेला वेळ मिलेनियम पार्क व सरोवरतीरास द्यावा.