बीज सुटण्याआधीची सूज

दसऱ्याच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यात कपाशीची बोंडं फुटू लागतात. कवच वाळतं, शिवणीवर उकलतं आणि सरकीसकट कापूस बाहेर येतो. तो वेचणाऱ्या बाईच्या ओटीपोटातही दर महिन्याला एक बोंड फुटतं, पण ते वाळून नव्हे. त्याची भिंत शरीर स्वतःच पोखरतं.

हे बोंड म्हणजे अंडाशयातलं पुटक, सुमारे २ सेंटिमीटरची द्रवाने भरलेली पिशवी. आतलं स्त्रीबीज जेमतेम ०.१ मिलिमीटरचं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची लाट उठली की साधारण ३६ तासांत बीज सुटतं. (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत डॉक्टर याच घड्याळावर नजर ठेवून पुटक फुटण्याआधी बीज सुईने काढून घेतात.)

एलएचचा निरोप आधी पोचतो तो पुटकाच्या भिंतीतल्या पेशींना. त्या ॲम्फिरेग्युलिन, एपिरेग्युलिन ही प्रथिनं सोडून तो बीजाभोवतीच्या पेशींपर्यंत नेतात. उंदरांवरच्या प्रयोगांतून ही साखळी २००४ मध्ये उलगडली. त्याच वेळी प्रोस्टाग्लँडिन आणि इंटरल्युकिन-८ हे सूज आणणारे रेणू तयार होतात. मला थक्क करतं ते हेच. पायात काटा रुतल्यावर पांढऱ्या पेशींना हाक मारणारं प्रथिन हेच इंटरल्युकिन-८! इथे जखम नाही, जंतू नाही, तरी न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी भिंतीशी गोळा होतात. विकरं कोलॅजनचे धागे तोडतात, भिंत पातळ होते, फुटते. संशोधक लॉरेन्स एस्पी यांनी १९८० मध्येच कयास मांडला होता की ही दाहाचीच, म्हणजे सूज येण्याचीच, क्रिया आहे. पुढे उंदीरवर्गीय प्राण्यांत न्यूट्रोफिल कमी केल्यावर सुटणारी बीजंही कमी झाली. फुटल्यावर डागडुजीलाही मॅक्रोफेजच हातभार लावतात.

सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न इथेच येतो. डायक्लोफेनॅक, मेलॉक्सिकॅम, इंडोमेथासिन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, त्यामुळे पुटक फुटणं लांबू किंवा अडू शकतं. वेचणीच्या दिवसांत कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळी रोज घेणारी बाई दिवस राहण्याची वाट पाहत असेल, तर तिने ती गोळी डॉक्टरांना दाखवावी. डॉक्टरांनीही आपणहून विचारावं. गोळी बंद केल्यावर हा परिणाम सहसा ओसरतो.