कुसळी की मारवेल?

दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीत शिरूर किंवा दौंडकडच्या माळावर हिंडून आलात, की घरी एक उद्योग मागे लागतो. मोजे उलटे करायचे आणि त्यात घुसलेली कुसळं एकेक उपटायची! पण ती लगेच फेकू नका. एक कुसळ ओल्या फडक्यावर ठेवा आणि बघत बसा. त्याचा पीळ सुटायला लागतो नि ते हळूहळू फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. माळावर रात्री दव, दिवसा ऊन. असं फिरत फिरत बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. टोकाशी मागे वळलेले ताठ केस असतात, म्हणून आत गेलेलं बी सहसा परत येत नाही.

हे कुसळी गवत. १७५३ साली लिनियसने याला नाव दिलं, त्यातल्या 'कंटॉर्टस'चा अर्थच मुळी पिळलेलं! कोवळं असताना मेंढरं ते खातात. पण एकदा कुसळं धरली, की ती लोकरीतून थेट कातडीत रुततात. म्हणून मेंढपाळाला गवत ओळखावंच लागतं.

आपल्याला कसं ओळखता येईल? आधी काडी बोटांत फिरवून पाहा. तीन धारा लागल्या तर तो लव्हाळा, म्हणजे गवत नव्हेच. गवताची काडी बहुधा गोल, आणि तिला उसासारखी पेरं. (ऊस, ज्वारी, बाजरी हीसुद्धा गवतंच आहेत बरं का!) आता भिंगातून पेरं बघा. सांध्याभोवती पांढऱ्या केसांचं कडं दिसलं? मग तो मारवेल. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'ॲन्युलेटम'चा अर्थ 'कडं असलेलं'. गुरांचा हा आवडता चारा. ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांवर १९३५ साली अख्खं पुस्तक काढलं, तेही अशाच बारीकसारीक खुणा पाहून.

पण नाव कळून काय मिळतं? माळाची तब्येत कळते! दख्खनच्या चांगल्या माळावर शेडा आणि मारवेल असतात. चराई फार झाली की ते मागे हटतात आणि कुसळी पसरते. त्याहूनही ओरबाडला, तर एकेका बीला तीन-तीन कुसळं असलेलं बारीक गवत उरतं. ते कुणी फारसं खात नाही.

गंमत म्हणा की दुर्दैव, सरकारी कागदावर असल्या माळांना बहुतेकदा 'पडीक' म्हणतात. मग कुणी नांगर घालतं, कुणी मोठ्या हौसेने झाडं लावतं. झाडं वाईट नाहीत हो! पण या गवतांना ऊन लागतं, सावलीत ती खुरटतात. आणि गवत गेलं की मेंढरांनी, चिंकाऱ्यांनी जायचं कुठे?

दौंडला लागूनच बारामती तालुक्यात, सुप्याजवळ, मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथे चिंकारे दिसतात. गेलात तर भिंग घेऊन जा. मात्र तिथलं गवत उपटायचं नाही, वाकून पेरं पाहायची.