धाकट्या मताची उपेक्षा

मोठ्या निवडणुकीचा डंका वाजला कीं पेठेपेठेंत चर्चेस ऊत येतो. परंतु ज्या सभेच्या हातीं आपलें पाणी, आपला रस्ता आणि आपल्या मुलांची शाळा असते, तिच्या निवडणुकीचा दिवस उगवला म्हणजे चांगले शहाणेसुरते लोकहि गादीवरून उठत नाहींत. ही खोड आमच्याच लोकांस आहे असें नव्हे. कॅनडांतील ओंटारिओ प्रांताची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवतों, ती त्यापासून कांहीं बोध घेतां यावा म्हणूनच.

त्या प्रांतांत दर चार वर्षांनीं, ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारीं, महापौर, नगरसेवक आणि शाळामंडळांचे विश्वस्त यांची निवडणूक एकाच दिवशीं होते. तेथील महापौरास मतदार स्वतः निवडतात. विश्वस्त निवडण्याची चाल तर फार जुनी आहे. मालमत्ता असलेल्या स्त्रियांस शाळामंडळापुरता मताधिकार १८५० सालींच मिळाला. प्रांताच्या कायदेमंडळासाठीं मत मिळण्यास त्यांस १९१७ पर्यंत थांबावें लागलें. १८९२ सालीं डॉ. ऑगस्टा स्टो-गुलेन या टोरांटोच्या शाळामंडळावर निवडून आल्या. म्हणजे स्त्रियांनीं लोकसत्तेचा उंबरठा प्रथम ओलांडला तो शाळेच्या दारींच!

अशा संस्थांचे पुढें काय झालें तें पाहावें. शिक्षणासाठीं घरपट्टींतून किती कर घ्यावा हें पूर्वी विश्वस्त ठरवीत; १९९८ पासून तो दर प्रांतिक सरकार ठरवूं लागलें. २०१८ सालीं टोरांटोंत उमेदवारांचा प्रचार चालू असतांच सरकारनें ४७ प्रभागांचे २५ केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि २०२१ सालीं पांच विरुद्ध चार अशा मतांनीं सरकारचा अधिकार कायम झाला. त्यानंतर २०२२ ची निवडणूक आली. तींत टोरांटोंतील शंभर मतदारांपैकीं तीसांनींहि मत दिलें नाहीं! पुढें जून २०२५ मध्यें, आर्थिक कारभार बिघडला या कारणावरून, टोरांटोच्या मंडळासह चार शाळामंडळांचा कारभार विश्वस्तांकडून काढून सरकारनियुक्त पर्यवेक्षकांच्या हातीं देण्यांत आला.

हें सर्व मतदारांच्या आळसानेंच घडलें, असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. हिशेब बिघडले असतां सरकारनें हात जोडून बसावें, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्यांस निवडून देण्याच्या दिवशीं दहांपैकीं सातजण घरीं बसले, त्यांचे अधिकार गेले असतां हळहळणार कोण? जी वस्तु मालकानेंच अडगळींत टाकली, ती दुसऱ्यानें उचलून नेली तर मालकाच्या तक्रारीस वजन तें किती राहणार?

आतां आपल्या घराकडे वळूं. नगरपालिकेची मुदत पांच वर्षांची असावी व ती संपण्यापूर्वीं निवडणूक व्हावी, असें ७४ व्या दुरुस्तीनें आपल्या राज्यघटनेंत लिहिलेलें आहे. असें असतां मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, आणि आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादांत पुढील मतदान जानेवारी २०२६ पर्यंत लांबलें. मधली जवळजवळ चार वर्षें लोकांनीं निवडलेला एकहि नगरसेवक नव्हता. प्रशासकानें कारभार हांकला. गटार तुंबलें तर नागरिकानें कोणाचें दार ठोठवावें? प्रशासक कितीहि कर्तबगार असो, तो आपल्या दारीं मत मागावयास येत नाहीं. म्हणून त्यास जाब विचारण्याची वेळहि आपणांस येत नाहीं.

आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही इतकेंच विचारतों: दुकानाचा गुमास्ता नेमतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतां; मग ज्याच्या हातीं आपल्या पट्टीचा पैसा जावयाचा, तो नेमण्याच्या दिवशींच आपणांस फुरसत कशी नसते? यादींत आपलें नांव आहे कीं नाहीं तें निवडणुकीपूर्वीं पाहावें. उमेदवार दारीं आला असतां त्यास प्रभागांतील शाळेचा व नळाचा हिशेब विचारावा. आणि मुदत संपूनहि निवडणूक लांबूं लागली, तर गप्प बसूं नये. धाकटें मत सांभाळतां न येणारास मोठें मत तरी कितीसें तारणार?